भिंतीला न कळलेलं

कोठडीची भिंत उत्तराच्या हाताला कोमट लागली. आत कुणालाही मार बसला की ही भिंत ते ओळखून थेट राजधानीला कळवायची. कोठडीतला छळ थांबवण्यासाठी नेमलेल्या समितीची ही शिफारस सरकारने लगेच अमलात आणली होती. ती उत्तराची समितीतली सहकारी शिरीन हिने सुचवली होती. अटक होताच डॉक्टरी तपासणी करावी, ही उत्तराची शिफारस मात्र कुणी वाचलीही नव्हती. त्यामुळे शिरीनच्या भिंतीची पाहणी करताना तिच्या पोटात दुखत होतं.

शिपायाला बाहेर पाठवून तिने कैद्याला, बारकू तडवीला, विचारलं.

"भिंत आल्यापासून कुणी बोटसुद्धा लावलं नाही, मॅडम," तो म्हणाला.

उत्तराचा चेहरा पडला. "म्हणजे आता काहीच त्रास नाही?"

"झोपू देत नाहीत. डोळा लागला की उभं करतात. ते भिंतीला कळत नाही."

उत्तराला हसू आवरेना. फसली शिरीन! मग तिला बारकूचे लाल, सुजलेले डोळे दिसले. ते तिच्या हसण्याकडेच बघत होते.

"माझं काही चुकलं का?" त्याने घाबरून विचारलं.

"नाही रे. माझंच चुकलं."

तिने तिथूनच फोन लावला. "शिरीन, तुझी भिंत चांगली आहे," ती म्हणाली. एवढं म्हणायलाही तिला जड गेलं. "तिला आणखी एक दुखणं शिकवायचंय. आजच. मी येते."