लहान होत जाणारी पदं

मॅडम फळ्याकडेच तोंड करून बोलत होत्या. वर्गाकडे वळलं, की ओढणी सरकायची आणि मानेवरचा काळानिळा डाग दिसायचा.

फळ्यावर न संपणारी श्रेणी होती: दोन, वजा दीड, अधिक चार तृतीयांश, वजा सव्वा...

“बेरीज आहे का हिला?”

“आहे, मॅडम,” पहिल्या बाकावरची शाल्मली म्हणाली. “चिन्हं आलटून-पालटून आहेत आणि प्रत्येक पद आधीच्यापेक्षा लहान होतंय. म्हणजे कुठेतरी स्थिरावणारच.”

दरवर्षी कुणीतरी हीच चूक करायचं.

“लहान होतायत, खरंय. पण शून्याकडे जातायत का? कितीही पुढे गेलीस तरी प्रत्येक पद एकापेक्षा मोठंच राहणार. बेरीज नुसती पुढे-मागे होत राहील. ती कधीच...”

खडू थांबला. कालच त्यांनी बहिणीला फोनवर सांगितलं होतं, “आता पूर्वीइतकं मारत नाही गं तो. कमी झालंय. आणि नंतर माफी मागतो ना!”

टेबलावरचा मोबाइल थरथरला. नवऱ्याचा मेसेज होता: ‘गेटवर थांबलोय. तुझ्यासाठी गजरा आणलाय.’

गजरा नेहमी आदल्या दिवशीच्या माराच्या माफीचा असायचा. पुढचा मार त्यानंतर यायचा.

तास संपल्याची घंटा झाली. मुली उठू लागल्या. मॅडम वर्गाकडे वळल्या. ओढणी सरकली, ती त्यांनी सावरली नाही.

“शाल्मली, स्कूटी आणलीयस ना?” त्यांनी विचारलं. “मागच्या गेटनं मला माझ्या ताईकडे सोडशील?”