चौथ्या चौकीची वही

"अहो, जरा पळवा की गाडी. मघाशी तो सायकलवाला आपल्याला हात करून पुढे गेला."

"चढ आहे."

"त्यालाही चढच होता."

सुतार हसला नाही, पण त्याने गिअर बदलला. कॅम्पर गुरगुरत वळण चढली. सामान वाहणारी जुनी गाडी त्याने आतून स्वतः बांधून काढली होती. दुमडतं टेबल, शेगडीपुरती खाच, मागे दोघांचा पलंग. ड्रायव्हरच्या डोक्यावर तिसरी, अरुंद फळी होती आणि तिच्यावर लेकीचं पांघरूण. बायको रोज सकाळी ते उलगडायची, झटकायची आणि पुन्हा तशीच घडी घालायची.

ती दोघं निघाली होती भिंगरीच्या मागावर. लेकीचं हे लाडाचं नाव, कारण एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नाही. दीड वर्षापूर्वी डोंगरातल्या उद्यानांमधल्या पायवाटा दुरुस्त करणाऱ्या तुकडीत ती लागली. "गेलीस तर परत येऊ नकोस," असं सुतार दारात उभा राहून म्हणाला. ती गेली. आईला पत्रं येत, त्याला नाही. हिवाळ्यात ती पत्रंही थांबली. बर्फ वितळल्यावर बायकोच म्हणाली, तिच्या वाटेने एकदा जाऊन येऊ या.

प्रत्येक उद्यानाच्या तोंडाशी एक चौकी होती आणि चौकीत जाडजूड वही. येणारे-जाणारे तिच्यात मिळेल त्या कोपऱ्यात लिहीत. नावं, चित्रं, हवेबद्दलच्या तक्रारी. पहिल्या चौकीत सुतार परवाना काढून आला, मग बायको आत गेली. ती जवळजवळ पळतच बाहेर आली.

"आहे! भिंगरीचं आहे!"

आई, मी बरी आहे. आता पुढच्या उद्यानात काम आहे. गुडघ्याला तेल लावत जा.

बायकोने ते तीनदा म्हणून दाखवलं. सुतार चाकातली हवा बघत राहिला.

दुसऱ्या चौकीतही होतं. आई, इथे थंडी फार, पण तू विणलेले मोजे आहेत.

त्या संध्याकाळी दोघं तळ्याकाठी टेबल मांडून बसली. "चहा टाकू?" दोघांच्या तोंडून एकदमच निघालं.

"झालं," बायको म्हणाली. "आपल्या फोनसारखंच. तुमच्या कारखान्यात वाजला की स्वयंपाकघरातही वाजतो. भिंगरी म्हणायची ना, या घरात गुपित म्हणून टिकायचं नाही."

सुताराने शेगडी पेटवली. समोरच्या कड्यावर अजून बर्फ होतं. हिवाळ्यात तो चार दिवस याच बाजूला लाकूड बघायला आला होता. एक फळीही न घेता परतला होता. त्यावर घरात बोलणं झालं नाही.

"एक बघितलंत?" खिडकीच्या पडद्याची दुमड निळ्या पेन्सिलीने आखता आखता ती म्हणाली. घरी ती कपडे शिवायची. ती पेन्सिल कायम तिच्या कानामागे खोचलेली असे. "सगळं आई, आई. तुमचा एक शब्द नाही."

"राग असेल."

"एवढा?"

"मी बोललोच तसं."

"मग कधीतरी लिहील."

"नाही लिहिणार," सुतार म्हणाला आणि तोंड धुवायला पाण्यावर गेला. बराच वेळ तो तोंड धूत होता. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "पाणी गार आहे," तो म्हणाला.

"असणारच," ती म्हणाली.

तिसऱ्या चौकीपाशी तिने त्याची चपटी पेन्सिल टोक काढून त्याच्या खिशात ठेवली. "फॉर्म भरायला लागेल. तुम्ही व्हा पुढे, मी जरा केस विंचरते." तिचे केस आता चिमूटभर उरले होते, पण विंचरायला तिला दर वेळी वीस मिनिटं लागत.

आई, फुलं उमललीत. तुला आवडली असती.

चौथं उद्यान शेवटचं. त्या सकाळी पलंगावरून उठताना सुताराची कंबर धरली. त्याला पाय खाली टेकवता येईना.

"पडा तसेच. परवाना मी काढते."

"थांब. मी जातो आधी."

"परवान्याला काय रंधा मारायचाय?"

"अगं, ऐक. तासाभराने जाऊ. मला बरं वाटू दे."

"चौकी काय पळून जाते?" असं म्हणत ती उतरलीही.

तो छताकडे बघत पडून राहिला. आज वहीत काही नसणार. ती पानं उलटेल, पुन्हा पहिल्यापासून उलटेल, मग चौकीदाराला विचारेल. परत येऊन दारात उभी राहील, तेव्हा तिच्या तोंडाकडे बघायचं कसं?

ती उशिराने आली.

"आहे," ती म्हणाली.

सुतार कंबर विसरून उठून बसला. "कसं असेल?"

"का? नसायला काय झालं?"

"काय लिहिलंय?"

"या वेळी तुमच्यासाठी आहे. तुम्हीच वाचा. जमेल तेवढं हळू जा." तिने त्याला काठी दिली. मग ती पायरीवर बसली आणि कंगवा हातात घेतला. "मी जरा केस विंचरते."

चौकी पन्नास पावलांवर होती. तो भिंतीला धरत आत गेला. वही उघडीच होती. पानाच्या तळाशी, कुणा मुलाने काढलेल्या अस्वलाखाली, निळ्या पेन्सिलीतल्या चार ओळी होत्या.

बाबा, माझा राग कधीच गेला होता. बर्फाखाली मी गेल्याचा फोन तुम्ही कारखान्यात घेतलात, तेव्हा स्वयंपाकघरातला आईने उचलला होता. आता माझ्या नावाने लिहू नका. बाहेर या, आणि तिच्याजवळ बसून रडा.