पत्रीचे डबे

मनकर्णाबाई बाजारातून आली तेव्हा तिची नवी सून शालू डब्यातली माती खुरप्यानं मोकळी करत होती. भिंतीला लागून हत्तीछाप रॉकेलचे पाच डबे. प्रत्येकात झेंडूचं एकेक रोप, बाकी एक काडी नाही. जळगावात बापाच्या वावरात निंदायला बसली की शालूच्या पुढं कोणी जात नव्हतं. नांदुऱ्याला सासरी आल्यापासून खुरपं आज पहिल्यांदा हातात आलं होतं.

"यातलं कुठं गेलं वं?"

"काढलं ना आत्याबाई. आघाडा न् केन्यानं बुजून गेलते डबे."

शेजारची पुष्पाबाई दारातून उठून आली. डब्यात वाकली न् कपाळावर हात मारला. "अवं माय! महालक्ष्म्याची पत्री होती ते! साती घरं तांदळाचं धुवण टाकत होतो त्याले."

शालूनं चाळीकडं पाहिलं. कापसाच्या जिनाच्या भिंतीपासून रेल्वेच्या रुळापर्यंत नुसती फरशी. तिकडं माहेरी आघाडा लुगड्याला चिकटून आपल्या पायानं घरात यायचा. तो कोणी लावत असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तरी ती भडकलीच. "मंग सांगाचं ना! केन्याचं एक कांडं राह्यलं तं माहा बाप दिवसभर बोलते!"

"उपटलेला तरी कुठं हाये?" पुष्पाबाईनं विचारलं.

"तुमच्याच बकरीले टाकला."

बकरी रवंथ करत होती. पलीकडच्या दारात कोणीतरी फिसकन हसलं. पुष्पाबाई नाही हसली.

दिवस टेकला होता. रुळापलीकडच्या वावरातून दुसरी पत्री आणायला आता वेळ नव्हता, उजेडातच महालक्ष्म्या आत घ्यायच्या. रांगोळीची पावलं दारापासून देवापर्यंत काढून झाली होती. मुखवटे सुपात तयार होते. यंदा ते नव्या सुनेनं आणायचे, हे सगळ्या चाळीला माहीत होतं.

"याच हातानं आणता काय लक्ष्मी?" पुष्पाबाई म्हणाली. "माही लेक आलीच हाये माहेरी. तिले बलावू?"

मनकर्णाबाई सूप घ्यायला आत गेली.

शालू मोरीवर गेली. चुलीतली राख घेऊन हात घासले, धुतले, पुन्हा घासले. तळवे लाल झाले. नखं हिरवी ती हिरवीच.

ती परत आली तर सासू सूप घेऊन उंबऱ्याशी उभी.

"हात दाखव."

शालूनं दाखवले. म्हातारीनं एक हात धरून नाकाशी नेला, वास घेतला. मग पुष्पाबाईकडं वळली. "राहू दे. नको बलावू लेकीले."

सुपातला मुखवटा उचलून तिनं शालूच्या ओंजळीत ठेवला.

"धर," म्हणाली. "पत्रीसकट आण."