घरचा वास

काजूच्या बुंध्याशी बसून बाबा गुळाच्या पाण्यात बोरिक पावडर कालवत होते. बागेत परक्या पिवळ्या मुंग्या शिरल्या होत्या.

“अजून घाला की,” मी म्हणाले.

“शहाणीच आहेस! जहाल झालं तर वाटेतच मरतील. घरी नेऊन राणीला भरवायला हवं.” मुंग्या वाटेवर जो वास सोडतात, त्याचा कुपीत साठवलेला अर्क त्यांनी सुतळीला चोळला आणि ती आमिषापर्यंत नेली. “घरचा वास आला, की मुंगी शंका घेत नाही.” मग बराच वेळ खोकले. “पावडरचा ठसका गं.”

मी हसून पुण्याची गाडी पकडली. पंधरवड्यात बाबा गेले.

तेराव्यानंतर कुप्यांच्या खोक्यात त्यांचा कॅन्सरचा रिपोर्ट सापडला. आठ महिन्यांपूर्वीचा.

“तुला कळू द्यायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती,” आई म्हणाली. “दादालाही.”

म्हणजे दर रविवारी फोनवर सगळेच मला ‘ठणठणीत आहेत’ म्हणत होते.

मी बागेत गेले. सुतळी तिथेच होती, मुंग्या नव्हत्या. बाबांपुढे कधीच आवाज न चढवलेली मी मोठ्याने म्हणाले, “तुम्ही मला फसवलंत, बाबा. घरचे सांगत होते, म्हणून मी शंका घेतली नाही.”