आठवीचा वर्ग

कोमट पाण्यात मीठ.

फळा बसवलेली, कुलूप लावलेली एक खोली.

उलटा टांगलेला शर्ट.

बाईंचा राजीनामा, एका ओळीचा.

निवडणूक तोंडावर आली होती आणि सरांचा घसा बसला होता. गणित शिकवताना जो आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा, त्याच्याच जोरावर ते मास्तरचे आमदार झाले होते. तीनदा. दर वेळी वचन एकच: गावच्या शाळेत आठवी. खोली बांधून झाली, तिची फीत दोनदा कापून झाली. शिक्षक काही आले नाहीत. सातवी झाली की मुली घरी बसत.

बाई त्याच शाळेत शिकवत. सातवीला निरोप दिला की त्या दिवशी सरांशी अबोला. यंदा त्यांनी नोकरीच सोडली आणि प्रचाराला लागल्या.

उन्हातान्हात दारोदार फिरल्या. इतकी वर्षं सत्ता तुमच्याच घरात होती की, असं कुणी सुनावलं तर म्हणत, "होती. म्हणून तर आलेय."

संध्याकाळी त्या भाषणाची तयारी करत, मोठ्याने. सर गुळण्या करत ऐकत. एकदा शाळा सुटलेल्या मुलींची टक्केवारी बाईंनी चुकून कमी सांगितली. सरांनी मान फिरवली, चूळ टाकली, शेवटी न राहवून पेन्सिल उचलली आणि आकडा वाढवून दिला.

सरांचा प्रचार सांभाळणारा दीर मात्र कुरकुरत होता. "वहिनी, उन्हाचं कशाला फिरता? दादाला काळजी वाटते."

"कसली वाटते ते ठाऊक आहे मला, भाऊजी."

मतदानाच्या दिवशी सरांच्या शर्टाला बाईंनीच इस्त्री केली. दोघं बरोबर जाऊन मत देऊन आले.

निकालात सर पडले. दीर चप्पल घालून निघून गेला, चहा तसाच ठेवून. सर खुर्चीत बसून होते. बाई समोर.

"आठवी कधी सुरू होणार?" सरांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"शाळा उघडली की."

"वचन काय, मीही दिलं होतं."

"माहीत आहे. पहिली टाळी मीच वाजवली होती."

अर्ज भरायला दोघं एकाच रिक्षातून गेले होते. आधी सरांनी भरला, मग बाईंनी, त्यांच्याविरुद्ध.