चंपतरावांची पारख

लिफाफ्यावर पद्मिनीबाईंनी लाख ओतली, तीही चंपतरावांच्या डोळ्यांदेखत. साधा डिंक पुरला असता.

"फोडू नका," त्या म्हणाल्या. "आज दुपारीच पोचला पायजे."

"मी काऊन फोडू?" चंपतराव म्हणाले. "आत काय हाये ते मले तसंच ठाऊक हाये."

बोथ मंडलातल्या त्या मराठी शाळेत शिक्षक दोनच, आणि दोघांचं एक मिनिट पटत नसे. पद्मिनीबाई हेडमास्तर. खडूचे तुकडे मोजून देणाऱ्या, कामाशिवाय अक्षर न बोलणाऱ्या. चंपतराव बोलघेवडे, गावात सगळ्यांचे लाडके, आणि आपण माणूस एका नजरेत ओळखतो असा त्यांचा दांडगा समज. कमी बोलणारा तो आतल्या गाठीचा, हे त्यांचं ठरलेलं. बाई रुजू झाल्या त्याच संध्याकाळी 'ही बाई विषारी हाये' असं त्यांनी पारावर जाहीर केलं होतं. ते बाईंच्या कानावर गेलं. तीन वर्षं झाली, त्या ते विसरल्या नव्हत्या.

आता मुलं कमी झाली म्हणून एका शिक्षकाला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शिरपूरकडे पाठवायचा हुकूम आला होता. कोणी जायचं ते हेडमास्तरांनी लिहून कळवायचं होतं.

चंपतरावांची बायको रुक्माबाई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. दुपारच्या सुटीत ते घरी पळत, तिला उचलून बसवत, घास भरवत. ते गेले तर तिचे हाल कुत्रं खाणार नव्हतं.

"माझ्या घरचं तुमाले ठाऊकच हाये," ते बाईंना एकदा म्हणाले होते. नाक मुठीत धरून म्हणाले होते.

"घरच्या गोष्टी शाळेत नको," बाईंनी वहीतून मानसुद्धा वर केली नव्हती.

झालं. आणखी काय वाचायचं राहिलं होतं?

टपाल सायकलनं बोथला शिक्षणसाहेबांच्या कचेरीत नेण्याचं काम नेहमी त्यांचंच. नाक्यावरच्या हॉटेलात ते चहाला थांबले. खिशातला लिफाफा छातीला टोचत होता. माझ्या बदलीचा कागद माझ्याच हातून पोचवते काय ही बाई! हॉटेलवाला पाणी आणायला वळला, तेवढ्यात त्यांनी लिफाफा भट्टीत कोंबला. लाख चरचरली तेव्हा त्यांना चांगलंच बरं वाटलं. नाव पोचलं नाही की कागद अडकेल, आणि सरकारी कागद एकदा अडकला की वर्ष सहज निघतं.

"पोचवला?" सोमवारी बाईंनी विचारलं.

"हातात देल्ला सायबाच्या."

पंधरा दिवसांनी हुकूम आला. मुदतीत नाव न आल्यामुळे नियमाप्रमाणे दोघांतल्या कनिष्ठाला, म्हणजे चंपतरावांना, पाठवण्यात येत होतं. फेरविचार होणार नव्हता.

बाईंनी तो दोनदा वाचला.

"लिफाफा कुठं हाये?"

"जायला! भट्टीत टाकून जायला!" चंपतराव ओरडले. "माझ्या बायकोच्या मरनावर सही करून देल्ली तुमी, अन् मी हमालावानी नेऊन द्यायचा व्हता? माणूस ओयखतो मी!"

पद्मिनीबाईंचा चेहरा रागानं पांढरा पडला.

"तुमचं थोबाड रोज पाहून जीव विटला व्हता माझा," त्या म्हणाल्या. "म्हनून त्याच्यात मी माझंच नाव लिवलं व्हतं."