ठिपक्यांचा कागद

"खरं सांगा, डबे अदलाबदल झाले होते का?" जान्हवीने दारातूनच विचारलं.

मे २०१०मधला रविवार होता. जांबे गावातल्या तुळजाबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांचा भाडेकरू वाल्मीक पाटावर जेवत होता. लातूरहून आयटीत नोकरीला आलेला पोरगा.

"नाही हो," तो म्हणाला. "माझ्या डब्यावर मी स्वतः नाव लिहिलं होतं."

जान्हवी उंबऱ्यावरच बसली. माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंवर ती पीएच.डी. करत होती. जांबे आणि बावधनमधल्या ऐंशी जणांच्या शौचाचे नमुने तिने छोट्या डब्यांतून गोळा केले होते. तिने लिहिलेला कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्राम नुसत्या जिवाणूंवरून माणसांचे गट पाडायचा. नावं, पत्ते त्याला दिलेच नव्हते. तरी त्याने वाल्मीकला तुळजाबाईंच्या घरच्यांच्या गटात बसवलं होतं. "नमुने बदललेत," गाइड म्हणाल्या होत्या. "सगळे फेकून दे, नव्याने सुरुवात कर." दोन वर्षांचं काम होतं ते. आणि डबे बदललेच नसतील, तर तिचा प्रोग्रामच चुकला होता.

"तुम्ही जेवता कुठे?" तिने विचारलं.

"हितंच की," तुळजाबाई म्हणाल्या. "आला त्या साली कावीळ झालती त्याला. तवापासनं मेस बंद. तीन वर्सं माज्याच हातचं खातोय. नाचणीची भाकरी, भाजी, ताक."

जान्हवी हसली. प्रोग्राम चुकला नव्हता. तिला जे माहीत नव्हतं, ते त्याने शोधून काढलं होतं: वाल्मीक याच चुलीवरचं खात होता.

तिने पर्समधून कागद काढला आणि सगळं समजावून सांगितलं. तुळजाबाईंनी पदराला हात पुसून तो घेतला. कागदभर रंगीत ठिपके होते, माणसागणिक एक; जिवाणू जितके सारखे, तितके ठिपके जवळ.

"नाव न्हाई, गाव न्हाई, तरी वळखलं? लई हुशार हाय की गं!" त्या म्हणाल्या. "मी कुटं हाय ह्यात?"

जान्हवीने बोट ठेवलं. "ह्या तुम्ही. तुमच्याशेजारी वाल्मीक."

"आन् माजा ल्योक निरंजन? बावधनला फ्लॅट घेतलाय त्यानं. त्यानं बी दिलता की डबा."

जान्हवीचं बोट अडलं. मग सावकाश कागदाच्या दुसऱ्या टोकाला गेलं.

तुळजाबाई त्या ठिपक्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. तव्यावरची भाकरी करपायला लागली. वाल्मीकने उठून ती उलटली.

"पोरी," त्यांनी हळूच विचारलं, "किती दिस हितं जेवला, म्हंजी त्यो परत आमच्यात येईल?"